दिसतंय ते सांग

बारावीला मी इंग्रजीत नापास झालो आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आमच्या घरात कधी नव्हे ती एकाच वेळी दोन माणसं रिकामी बसली. तेव्हा दोघांनाही वाटत होतं की आपले ग्रह फिरलेत. आज मला त्या हिवाळ्याची आठवण आली की अजून अंगात कसली तरी तरतरी येते. बसल्या जागी हातवारे करून बोलावंसं वाटतं.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे, घर अगदी रस्त्याला लागून. वडील भल्या सकाळच्या एसटीने आसनगाव गाठायचे आणि तिथून लोकलने कल्याणच्या पुढच्या एका कारखान्यात जायचे. आई शेतावर, धाकटी बहीण शाळेत. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यापासून ती आमच्याकडेच होती. घर, गोठा, खळं सगळं तिच्या हुकमाने चालायचं. रस्त्यावरून कोण गेलं, कुणाच्या डोक्यावर काय होतं, कोण कुणाशी बोललं नाही, हे आत्याला विचारावं. आणि नेमक्या त्याच बाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

शहापूरच्या दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी त्याचं पथ्य मोठं असायचं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चुलीच्या धुराजवळ जायचं नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्याला फक्त उजेड आणि सावली एवढंच कळायचं. वडिलांनी तिला पडवीत खांबाला टेकवून बसवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा तसा बी घरीच हाय. अभ्यास करील आणि तुझ्याजवळ बसल."

निकाल लागल्यापासून वडील माझ्याशी असंच, तिसऱ्या माणसाला सांगितल्यासारखं बोलायचे.

पहिल्या दिवशी मी इंग्रजीचं गाइड घेऊन आत्याजवळ बसलो. मार्चला परत परीक्षा होती. मी निबंध पाठ करत होतो आणि आत्या मान वळवून वळवून रस्त्याचे आवाज ऐकत होती.

"कोण गेलं रे?"

"कोणी नाय. बैल गेला."

"कोणाचा?"

"मला काय माहीत."

"कुठं गेला?"

"तिकडं."

"तिकडं म्हंजी कुठं? मला काय दिसतंय तुझं तिकडं?"

मी पुस्तकातून डोकं वर काढलं. बैल वळणापलीकडे गेला होता. "गेला तो," मी म्हणालो.

आत्याने खांबाला टेकलेली पाठ सरळ केली. मग म्हणाली, "हे बघ, माझ्यानं असं मुक्यासारखं बसवणार नाय. तुला डोळे हायत, आणि नुसते पुस्तकात घालून बसलायस. मला सांग ना रे काय काय चाललंय ते."

मला त्याचा मनापासून कंटाळा होता. दुसऱ्या दिवशी मी सरळ थापा मारायला लागलो. मान वरसुद्धा न करता म्हणालो, "एक बाई चाललेय. डोक्यावर भरलेला हंडा हाय."

"कुठल्या अंगाला चाललेय?"

पावलं वाजत होती, त्यामुळे दिशा खरी सांगणं भाग होतं. "विहिरीकडं."

"भरलेला हंडा घेऊन विहिरीकडं?" आत्याने पट्टी बांधलेलं तोंड माझ्याकडे केलं. "काय रे, विहीर भरायला चाललेय काय ती?"

मी हसलो, तीही हसली. मी गाइड मिटलं आणि पहिल्यांदा नीट रस्त्याकडे बघितलं. हंडा अर्थातच रिकामा होता. बाईने तो कडेवर घेतला होता, लेकराला घ्यावं तसा. तिच्यामागे एक कुत्रं चाललं होतं आणि ती मध्ये मध्ये मागे वळून त्याला काहीतरी सांगत होती. मी हे सगळं आत्याला सांगितलं. आत्या खुश! "कुत्र्याला सांगतेय? म्हंजी ती खालच्या आळीची. ती घरात कोणाशी बोलत नाय, कुत्र्याशी बोलते."

तिथून आमचं सुरू झालं. आत्या कडक मास्तरीण निघाली. मी "म्हातारा रागात चाललाय" म्हटलं की ती म्हणायची, "राग तुला कसा दिसला? दिसतंय ते आधी सांग. तुला वाटतंय ते नंतर." मग मी बघायचो. म्हातारा काठी जमिनीला टेकवतच नव्हता, बगलेत मारून चालला होता, आणि त्याच्या धोतराचं एक टोक सुटून लोंबत होतं. हे सांगितल्यावर आत्या म्हणायची, "आता मला बी वाटलं, रागात हाय."

माणसाआधी जागा सांगायची, हाही तिचाच नियम. "आधी जागा सांग. जागाच नाय कळली तर मी त्या माणसाला उभा कुठं करू?" आणि मजा सांगताना आपण आधी हसायचं नाही, हाही. मी एकदा गटारात पडलेल्या बकरीबद्दल सांगताना इतका हसलो की बकरीचं पुढे काय झालं ते तिला कळेचना. ती चिडून म्हणाली, "तू हसून घेतलंस, आता माझ्या वाटणीला काय ठेवलंस?"

कधी रस्त्यावर तासभर कुणी फिरकायचं नाही. मी म्हणायचो, "काय नाय चाललंय." ती सोडायची नाही. "काय नाय चाललंय, तर ते कसं काय नाय, ते सांग." आणि गंमत अशी की तेव्हाच जास्त दिसायचं! समोरच्या खळ्यात पेंढ्याची उडवी रचून झाली होती. तिच्या सावलीत कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेऊन बसली होती, आणि सावली सरकली की ती उठायची, तेवढंच सरकायची आणि परत बसायची. मी त्या घरासमोर अठरा वर्षं राहत होतो. कोंबडी सावलीबरोबर सरकते हे मला ठाऊक नव्हतं. हे सांगताना माझा आवाज चढला होता. मी ओट्यावर उभा राहिलो होतो. एका कोंबडीसाठी!

मग एक दिवस ट्रक अडकला.

आमच्या घरासमोरून थोडं खाली एक ओहोळ रस्त्यात आडवा येतो. तेव्हा त्याच्यावर मोरी नव्हती, दगड टाकून वाट केलेली होती. विटांनी गच्च भरलेला एक ट्रक भट्टीवरून आला आणि त्याचं मागचं डावं चाक दगडावरून घसरून गाळात गेलं. मोठा आवाज झाला. आत्या खांबाला धरून उभी राहिली. "काय झालं? कोण पडलं?"

"ट्रक हाय. विटांचा. ओहोळात. मागचं डावं चाक आत गेलंय. ट्रक कलला हाय आपल्या अंगाला. वरच्या दोन विटा पडल्या... तिसरी पडली... डायवर खाली उतरला. तो चाकाकडं बघत नाय, आभाळाकडं बघतोय."

"आभाळात काय हाय त्याच्या?"

"काय नाय. आता बसला खाली. चाकाच्या पुढं हातानं गाळ काढतोय. समोरच्या खळ्यातले दोघं भाऊ धावत चाललेत, एकाच्या हातात फळी हाय. फळी चाकाखाली घालतायत. नाय जात. आडवी घालतायत. गेली! डायवर वर चढला. आता बघ हां आत्या, सुरू केला त्यानं..."

इंजिन ओरडत होतं, मी त्याच्यावर ओरडत होतो. चाक फिरलं, गाळाचा फवारा उडाला आणि मागून ढकलणाऱ्या, त्या दोघांतल्या थोरल्याचं तोंड, छाती सगळं काळं झालं. मी हसलो नाही! दात आवळून सांगितलं, "थोरल्याच्या तोंडावर सगळा गाळ. फक्त दात दिसतायत, म्हंजी तो हसतोय." आत्या अशी हसली की मला तिच्या टाक्यांची भीती वाटली. "लाव रे जोर!" ती इथून ओरडली, जसं काही त्या लोकांना ऐकू जाणार होतं. तोवर शेजारच्या दोन म्हाताऱ्या पडवीत येऊन बसल्या होत्या. त्यांना दिसत होतं की! तरी त्या ट्रककडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

"हलला... परत मागं आला... आता सगळे थांबलेत. डायवर काहीतरी बोलला. सगळे एकदम वाकले. हलला, हलला, फळी मोडली, पण चाक वर आलं, वर आलं, आला बाहेर!"

आत्याने टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्यांनी वाजवल्या. मी घामाघूम होऊन वळलो तर दारात वडील उभे. त्या दिवशी त्यांची पाळी लवकर सुटली होती. ते किती वेळ ऐकत होते कोण जाणे. ते निकालानंतर प्रथमच थेट माझ्याकडे बघत म्हणाले, "एवढं फास्ट तोंड चालतंय तुझं, मग त्या पेपराच्या टायमाला काय झालं होतं?"

मला ते शिवीसारखं लागायला हवं होतं. पण त्यांच्या मिशीखाली हसू होतं, आणि मी ते बघितलं होतं. तोवर मला बघायची सवय लागली होती.

भाताची शेतं मोकळी झाली की आमच्या भागात क्रिकेटचे सामने सुरू होतात. टेनिसचा चेंडू, शेणाने सारवलेली खेळपट्टी, पांढऱ्या फक्कीची सीमारेषा आणि झाडाला बांधलेला भोंगा. त्या वर्षी सामने आमच्याच गावात होते. पहिल्या बक्षिसाला ढाल आणि एक बोकड. बोकड मांडवाच्या खांबाला बांधून ठेवला होता आणि येणारा प्रत्येक संघ आधी त्यालाच चाचपून बघत होता.

मी संघात नव्हतो. माझा चुलतभाऊ कप्तान होता. त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं की तुला चेंडू दिसेपर्यंत तो मागे जाऊन पोहोचतो. भोंग्यावर बोलायला शहापूरहून एक माणूस आणला होता. पहिल्या दिवशी तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत असा गर्जला की दुसऱ्या दिवशी त्याच्या घशातून फक्त वारा यायला लागला. सामने सुरू व्हायची वेळ झाली. चुलतभाऊ मला शोधत आला. "तू घे माईक. घरी आत्याजवळ दिवसभर बडबडतोस ना, तेच इथं बडबड."

 मी नाही म्हणालो नाही, कारण मला ते हवं होतं. किती हवं होतं ते त्या क्षणीच कळलं.

माईक हातात आला आणि मी सगळं शिकलेलं विसरलो. टीव्हीवरचे लोक बोलतात तसं बोलायला गेलो. इंग्रजीतले चार शब्द, मग हिंदीतले दोन, मग "अप्रतिम" आणि "नेत्रदीपक". चेंडू एकीकडे आणि मी भलतीकडे. दोन षटकं झाली असतील, गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, इंग्रजीत नापास! मराठीत बोल!" सगळा माळ हसला. माझे कान तापले. मी माईक टेबलावर ठेवला आणि चुलतभावाला खुणेने सांगायला लागलो की माझ्याने नाही होणार.

तेवढ्यात माझी धाकटी बहीण बांधावरून धावत आली. तिला धाप लागली होती. म्हणाली, "आत्या चिडलेय. बोलतेय, भोंगा घरापर्यंत ऐकू येतोय, पण काय चाललंय ते काय कळत नाय. कोणचा पोरगा, कुठनं आला, कुठं मारला, काय नाय कळत. नीट सांग बोलतेय."

मी आमच्या घराकडे बघितलं. शेतांपलीकडे पडवी दिसत होती आणि तिच्यात खांबाला टेकलेला एक ठिपका. मी माईक उचलला. गर्दी माझ्या नजरेतून गेलीच. मी त्या ठिपक्याशी बोलायला लागलो.

"खेळपट्टी मधोमध. ओहोळाच्या अंगाला गोलंदाज, आंब्याच्या अंगाला फलंदाज. गोलंदाज उंच हाय, किडकिडीत. धावत यायच्या आधी चेंडू चड्डीला पुसतोय, आणि चड्डी चेंडूपेक्षा मळकी हाय. आला... टाकला... आणि हाणला! चेंडू पळसाच्या दिशेनं. पळसाखाली म्हैस बसलेय. चेंडू म्हशीच्या पोटाला लागून थांबला. दोन पोरं पोचली, पण चेंडू म्हशीच्या खाली गेलाय. म्हशीला उठवतायत. म्हैस उठत नाय. दोन धावा झाल्या. म्हैस रवंथ करतेय. तीन झाल्या. एकानं शेपूट धरली... उठली! चौथी धाव घेऊ का नको, फलंदाज मध्येच उभा, म्हशीकडं बघतोय..."

आधी पोरं हसली, मग म्हातारे हसले, मग बांधावर उभ्या असलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसत नव्हतो. माझ्या छातीत ढोल वाजत होता. काय सांगू तो आनंद! जे समोर होतं तेच मी सांगत होतो. सगळ्यांना तेच दिसत होतं. तरी ते ऐकायला माणसं मांडवाजवळ सरकत होती. खेळपट्टीवरचा प्रत्येक पोरगा मला वेगळा दिसायला लागला. एक बॅट आपटायच्या आधी ओठ चावायचा. एक धावताना डावा हात कानाशी धरायचा. दुपारपर्यंत त्या पोरांना त्याच खुणांनी लोक हाका मारायला लागले.

शेवटचा सामना आमचा आणि मुरबाडकडच्या एका संघाचा झाला. शेवटच्या चेंडूवर आम्हाला चार धावा हव्या होत्या आणि खेळायला चुलतभाऊ. मी बोलत होतो, पण माझा आवाज मलाच दुरून येत होता. चेंडू आला. चुलतभावाने असा हाणला की बॅटचा आवाज ओहोळापलीकडून परत आला. चेंडू उंच गेला, पळसाच्याही वर. मुरबाडचा एक बुटका पोरगा मागे मागे पळत गेला, फक्कीच्या रेषेशी पोहोचला, उडी न मारता दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि चेंडू धरला.

एकच कल्लोळ झाला. आमची पोरं ओरडायला लागली, "पाय बाहेर होता! षटकार!" मुरबाडची पोरं ओरडायला लागली, "आत होता! आउट!" पंच तिसऱ्याच गावचा, खेळपट्टीजवळ उभा. त्याला एवढ्या लांबचं काय दिसणार? पन्नास माणसं मैदानात घुसली. कुणीतरी कुणाची कॉलर धरली. मग पंच मांडवाकडे बघून ओरडला, "माईकवाल्या, तू बघत होतास. तू बोल."

सगळा माळ माझ्याकडे वळला. माझं गाव, माझे मित्र, माझा भाऊ. मला दिसलं होतं. मांडव त्याच बाजूला रेषेजवळ होता, अगदी स्वच्छ दिसलं होतं. झेल धरताना त्या पोराची टाच रेषेच्या आत होती आणि मागची फक्की कुठेही पुसलेली नव्हती. माझ्या जिभेवर "बाहेर" हा शब्द तयार होता. तो म्हटला असता तर बोकड आमचा होता, आणि मी गावाच्या खांद्यावर. पण मी दिवसचे दिवस एका न दिसणाऱ्या बाईला दिसणारं सांगत आलो होतो. ती पडवीत कान देऊन बसली होती. तिला मी रेषेच्या बाहेरचा पाय दाखवला असता तर तिने तो तसाच बघितला असता. तिच्याकडे दुसरे डोळेच नव्हते.

मी म्हणालो, "पोराची टाच आत होती. रेषेच्या वीतभर आत. मागची फक्की तशीच हाय, जाऊन बघा. आपण हरलो."

आणि मग राहवलं नाही म्हणून म्हणालो, "हे दिसलं ते सांगितलं. मला लय वाईट वाटतंय, ते वेगळं."

कुणीतरी माईकची वायर उपटली. एक चप्पल मांडवावर येऊन पडली. चुलतभाऊ बॅट फरफटत माझ्याकडे आला, तोंड लालबुंद. मला वाटलं आता थोबाडीत बसते. तो समोर येऊन उभा राहिला.

"किती आत?"

"वीतभर."

"नक्की?"

"नक्की."

त्याने बॅटवर रेलून एकदा रेषेकडे वळून बघितलं. मग म्हणाला, "बुटक्यानं काय कॅच घेतली रे!" आणि वळून मुरबाडच्या पोरांकडे हात मिळवायला गेला. तो गेला तशी बाकीची पोरंही गेली. काही आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीत, तेही खरं.

घरी गेलो तर आत्या पडवीत तशीच बसली होती.

"हरलो ना?" ती म्हणाली.

"हो."

"चांगलं सांगितलंस. मला त्या पोराची टाच दिसली."

मी तिच्या शेजारी बसलो.  रस्त्यावरून माणसं जात होती आणि पहिल्यांदाच तिने कोण गेलं म्हणून विचारलं नाही.

पट्टी निघाली, मग काळा चष्मा, मग जाड भिंगांचा चष्मा आला. आत्या घरभर, गोठाभर फिरून एकेक गोष्ट तपासून आली. समोरच्या कोंबडीवर तिने माझी चूक काढली. मी तांबडी म्हणून सांगितलेली कोंबडी तिच्या मते विटकरी होती. पण बाकी सगळं जिथल्या तिथे होतं म्हणाली. मग तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरून अगदी जवळून बघितलं आणि म्हणाली, "तुझं तू काय सांगितलंच नायस कधी. किती वाळलास रे!"

मार्चच्या परीक्षेत मी गाइड बाजूला ठेवलं. म्हणजे पाठ केलेले निबंध लिहिले नाहीत. मला येत होती तेवढ्या इंग्रजीत छोटी छोटी वाक्यं लिहिली. ट्रक पाण्यात आहे. ट्रकमध्ये विटा आहेत. चालक आभाळाकडे बघतो. आधी जागा, मग माणूस. निकालाच्या दिवशी वडिलांनी आसनगावच्या स्टेशनवरच्या दुकानातून पेढे आणले आणि पुडा माझ्या हातात देऊन म्हणाले, "घे. तुझ्या तोंडाचे हायत." थेट माझ्याशीच बोलले.

त्यानंतर कितीतरी हिवाळे मी माईकवर काढले. मुरबाडच्या त्याच संघाने मला पहिलं बोलावणं पाठवलं, आणि कारणही सांगितलं, की हा पोरगा स्वतःच्या गावालाही हरवतो. कुणाच्या ना कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून मी शहापूर-मुरबाडची किती गावं फिरलो! पैसे थोडे, जेवण भरपूर, आणि घशाला आलं-गूळ. मला सगळ्यात आवडायचं ते नव्या माळावर पाऊल टाकल्यावरचं पहिलं काही मिनिटांचं बघणं. झाड कुठे, वाट कुठे, म्हातारे कुठल्या बाजूला बसलेत. अजून काही घडलेलं नसायचं आणि सगळं घडायचं असायचं.

पुढे डी.एड. केलं आणि दोन हजार सालानंतर मुरबाड तालुक्यातल्या डोंगराकडेच्या एका वाडीवर शिक्षक म्हणून लागलो. तिथल्या घरांची बोली वेगळी. पोरं आपसात चिमण्यांसारखी बोलायची आणि वर्गात आली की गप्प. पुस्तकातलं मराठी त्यांना पाहुण्यासारखं वाटायचं, समोर आलं की पोरं दाराआड. मी खूप प्रयत्न केले. चित्रं आणली, गाणी म्हटली. पोरं हसायची, पण बोलायची नाहीत. त्यांच्यात एक मुलगी तर अशी की तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. हजेरीलाही ती फक्त हात वर करायची.

एके दिवशी मी फळ्याकडे तोंड करून वळलो आणि भिंतीकडेच बघत म्हणालो, "मी आता मागे वळणार नाय. मला काय दिसत नाय. खिडकीतून काय दिसतंय ते कोणीतरी मला सांगा. तुमच्या घरी बोलता तसंच सांगा."

 आधी नुसती खुसखुस झाली. कुणी म्हणालं, झाड. कुणी म्हणालं, झाडावर कावळा. मी विचारलं, कुठल्या फांदीवर? असं चार-पाच दिवस चाललं. रोज एखादा आवाज वाढायचा.

आणि मग एका सकाळी माझ्या पाठीमागून एक अगदी नवा आवाज आला. बारीक, पण धारदार, घाईत. तिच्याच बोलीत. सगळे शब्द मला कळत नव्हते, पण चित्र कळत होतं. डोंगराच्या अंगाने वानरं उतरली होती. शाळेशेजारच्या अंगणात नाचणी वाळत घातली होती. एक वानर छपरावर बसलं होतं, पहाऱ्याला. दोन अंगणात उतरली होती. एकाच्या पोटाला पिल्लू. म्हातारी काठी घेऊन बाहेर आली, वानर तिच्याकडे बघून नाचणीची मूठ भरत राहिलं. म्हातारीने काठी फेकली, ती छपरावर अडकली. आता म्हातारीकडे काठी नाही. आता छपरावरचं वानर काठी हातात घेऊन बघतंय!

सगळा वर्ग बाकांवर उभा राहून ओरडत होता आणि त्या ओरड्यावर तिचा एकटीचा आवाज चढत होता. तिला आता कुणी थांबवू शकलं नसतं. मी कबूल केलेलं विसरलो आणि मागे वळलो. ती खिडकीचे गज धरून, टाचा उचलून उभी होती. तिला माझ्याकडे बघायला सवडच नव्हती. मध्येच तिने बाहेर बोट दाखवून मला काहीतरी सांगितलं. एक शब्द मला कळला नाही म्हणून मी विचारलं, "म्हणजे काय?"

"सर, नाचणी संपवतील ती!" ती शुद्ध शाळेच्या मराठीत ओरडली. "चला ना!"

आणि सगळी पोरं दाराकडे सुटली. मी खडू टाकला आणि त्यांच्यामागे धावलो.